सेकंड हँड पेट्रोल गाडी घेताय? आधी आरसी बघा, बोनेट नंतर

माझी अल्टो के१० फेब्रुवारी २०११ ची आहे. मी ती २०२१ मध्ये घेतली, तिसरा मालक म्हणून, आणि यंदा तिला पंधरा वर्षं झाली म्हणून रीपासिंगही (आरटीओत रजिस्ट्रेशन रिन्यू) करून आणली. म्हणजे घेण्यापासून पंधरा वर्षांच्या उंबरठ्यापर्यंत सगळं एकदा भोगून झालंय. तेव्हापासून नात्यातलं कोणीही जुनी गाडी बघायला निघालं की मला फोन येतो, आणि प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो की इंजिन कसं ओळखायचं. अरे भाऊ, इंजिन बिघडलं तर जळगावात, धुळ्यात, अगदी शहाद्यातसुद्धा चार दिवसांत उभं करून देणारा मिस्त्री आहे, कागद बिघडला तर तो नीट करणारा मिस्त्री कुठंच नाही. म्हणून खाली कागदाबद्दल जास्त लिहिलंय आणि तेच आधी वाचा.

१. पैसे मोजा, पण सगळे गाडीत घालू नका

दोन लाख आहेत म्हणून दोन लाखाची गाडी बघू नका, दीड लाखाची बघा. उरलेले पन्नास हजार पहिल्या तीन महिन्यांत जाणारच आहेत: टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, इन्शुरन्स, ट्रान्सफर, आणि मिस्त्री "आता उघडलंच आहे तर हेही करून टाकू" म्हणेल ते. मी हे केलं नव्हतं. गाडी घरी आली तेव्हा खिशात सहा हजार होते आणि चारही टायर गोटे झालेले, मग दोन महिने ती अंगणात उभी आणि मी फटफटीवरच.

२. कोणती घ्यायची

आपल्याकडे खानदेशात नियम सोपा आहे, ज्या गाडीचे पार्ट तालुक्याला मिळतात ती घ्यायची. म्हणजे बहुतेक मारुती, त्याखालोखाल ह्युंदाई. शेवरोले स्पार्क स्वस्तात दिसते, चालायलाही छान, पण कंपनीनं २०१७ अखेर भारतातली विक्रीच बंद केली, आता साध्या पार्टसाठीसुद्धा शोधाशोध करावी लागते. मोह झाला तर दहा मिनिटं शांत बसा.

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ ला थांबलं, पार्ट अजून मिळतात, पण आता जी गाडी सापडते तिचा पत्रा बघून घ्या. जुनी अल्टो ८०० सीसीची, तीन सिलिंडर, टायमिंग बेल्टवाली (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा, काही गाड्यांत त्याजागी चेन असते). के१० ऑगस्ट २०१० ला आली, ९९८ सीसी, चेनवाली. वॅगन आर २०१० च्या आधीची १०६१ सीसीची आणि बेल्टवाली, नंतरची ९९८ सीसी आणि चेनवाली. सँट्रो झिंग १०८६ सीसी, चार सिलिंडर, बेल्ट. आय१० मध्ये १.१ ला बेल्ट आणि १.२ कप्पा इंजिनला चेन.

हे बेल्ट-चेन का सांगतोय, तर बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलावा लागतो आणि विकणारा हमखास म्हणतो की बदललाय. बिल दाखवा म्हणायचं. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून किंमत पाडायची आणि घेतल्यावर पहिलं ते काम करायचं, कारण चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर गाडी जागेवर बंद, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्हही वाकतात.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. थर्ड पार्टी इन्शुरन्सचा दर सीसीवर ठरतो. २०२२ ला ठरलेला वर्षाचा दर हजार सीसीच्या आत २,०९४ रुपये आणि हजार ते पंधराशेला ३,४१६, वर जीएसटी वेगळा. म्हणजे ९९८ सीसीची के१० स्वस्तात आणि १०६१ ची जुनी वॅगन आर महागात. दरवर्षीचा फरक आहे.

३. घरबसल्या कागद (गाडी बघायला जायच्या आधी)

विकणाऱ्याकडून आरसीच्या, म्हणजे गाडीच्या रजिस्ट्रेशन कार्डाच्या, दोन्ही बाजूंचा फोटो मागवा. द्यायला कुरकुर केली तर तिथंच सोडा, पेट्रोल वाचलं. फोटो आला की एम-परिवहन ॲपवर नंबर टाका आणि हे बघा:

- नाव कोणाचं. समोरचा बोलतोय तो आणि आरसीवरचा एकच आहे का?
- कितवा मालक.
- रजिस्ट्रेशन कधीपर्यंत. खाजगी गाडीला पहिल्या रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून पंधरा वर्षं, मग दर पाच वर्षांनी रिन्यू.
- हायपोथिकेशन, म्हणजे बँकेचा बोजा.
- इन्शुरन्स आणि पीयूसीच्या तारखा.
- ई-चलान किती बाकी. हे वेगळं बघायचं, राज्याच्या ट्रॅफिक चलानच्या साइटवर. सुरत किंवा पुण्यात फिरलेल्या गाडीवर कधीकधी किमतीच्या दहा टक्के चलानच निघतं.

आता सापळे.

पहिला, बोजा. मी ज्याच्याकडून घेतली त्यानं कर्ज २०१६ लाच फेडलं होतं, बँकेचं पत्रही होतं, पण आरसीवरून बोजा उतरवायचं राहून गेलेलं. तो म्हणाला, "काही नई भाऊ, दोन दिवसाचं काम शे." ते पत्र इतकं जुनं की आरटीओवाले नवीन आणा म्हणाले, शाखेत गेलो तर खातं बंद झालेलं, फाईल दुसऱ्या शाखेत. अडीच महिने गेले. तोवर गाडी माझ्या दारात आणि नाव त्याचं, मी सिग्नल तोडला (माझीच चूक) आणि चलान त्याच्या मोबाईलवर, रात्री साडेदहाला त्याचा फोन. बोजा असेल तर आधी त्याला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) लावून तो उतरवायला सांगा, मग टोकन द्या. गोड बोलण्यात येऊ नका, माणूस खरा असला तरी.

दुसरा, वारलेले वडील. खेड्यावर हे खूप आहे, गाडी वडलांच्या नावावर, वडील जाऊन चार वर्षं झाली, मुलगा चालवतोय आणि आता विकायला काढली. तो तुम्हाला थेट विकू शकत नाही. आधी वारसाच्या नावावर करावी लागते, फॉर्म ३१ नं, बाकी वारसांची संमती घेऊन. तीन भाऊ आणि दोन बहिणी असतील आणि त्यातली एक सुरतेला असेल तर तुमच्या लक्षात आलं असेल मी काय म्हणतोय ते.

तिसरा, सहीचे कोरे फॉर्म. मधल्या मालकानं गाडी स्वतःच्या नावावर केलीच नाही, पहिल्या मालकाच्या सह्या घेतलेले फॉर्म २९-३० गाडीच्या डॅशबोर्डात पडून आहेत आणि तेच तुम्हाला देतोय. सही जुळली नाही की झालं, मूळ मालक शोधत नाशकाला जा.

चौथा, जीजे पासिंग, म्हणजे गुजरातचा नंबर. नंदुरबार-नवापूर पट्ट्यात आणि ज्यांचं अर्धं घर सुरतेला आहे त्यांच्याकडे या गाड्या भरपूर आणि किमतीला वीस-तीस हजार कमी. पण तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, गाडीवर गुन्हा नसल्याचा दाखला, मग आपल्याकडे नवीन नंबर आणि महाराष्ट्राचा टॅक्स पुन्हा भरायचा. तिकडं भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, मिळेपर्यंत दम लागतो. दुसऱ्या राज्यातली गाडी इथं बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर नंबर बदलावाच लागतो, "चालतं सगळं" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. वर समुद्राजवळची हवा आणि पुराचं पाणी, सुरतेचा २००६ चा पूर बघितलेल्या गाड्या आता भंगारात गेल्या असतील पण पूर काय एकदाच येतो का. माझं मत, पहिलीच गाडी असेल तर एमएच-१८, १९ किंवा ३९ (धुळे, जळगाव, नंदुरबार) च घ्या, त्यातही शक्यतो आपल्याच जिल्ह्याची.

पाचवा, गॅस किट. आरसीवर इंधन "पेट्रोल" आणि डिकीत टाकी, अशी गाडी फुकट दिली तरी नको. घरगुती सिलिंडरमधून भरणारे लोक आपल्याकडे आहेत, सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याचे स्फोटही आपण बघितलेत. किट आरसीवर चढलेलं असेल तर वेगळी गोष्ट, तेव्हा सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांची टेस्ट झाली का ते बघा.

४. गाडी बघायला जाताना

सकाळी जा, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की भाऊ गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात बोनेटवर. गरम लागलं तर त्यानं आधीच सुरू करून ठेवलीय, म्हणजे थंडीत सुरू व्हायला त्रास देते. चहा प्या आणि थांबा.

सोबत न्यायचं: एक मिस्त्री (त्याला पाचशे-हजार द्या, तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नको), फडक्यात गुंडाळलेलं फ्रिजवरचं मॅग्नेट, मोबाईलची टॉर्च, जुनं कार्पेट किंवा पोतं खाली झोपायला.

मॅग्नेट दाराच्या खालच्या कडेला, मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवा. जिथं धरत नाही तिथं खाली पुट्टी भरलीय. थोडी पुट्टी चालते, पंधरा वर्षांत कोण घासलं नसेल. पण बोनेट उघडून आतल्या ॲप्रनवर (इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर) वेल्डिंग, बोनेटच्या बिजागरीचे बोल्ट पाना लागून सोललेले, दोन्ही दिव्यांचं वय वेगळं, असं दिसलं तर गाडी समोरून चांगलीच ठोकलेली आहे. खालचं मॅट उचला, हात दाबा, ओलसर किंवा कुबट वास आला तर पाणी कुठून येतंय ते शोधा.

ऑइल टाकायचं झाकण उघडा. आत दह्यासारखं पांढरट चिकट दिसलं तर कूलंट ऑइलमध्ये जातंय, नमस्कार करून निघा. रेडिएटरचं झाकण फक्त थंड गाडीतच उघडायचं, गरम असताना उघडलं तर तोंड भाजेल, हे मी गमतीनं म्हणत नाहीये. आत हिरवं किंवा लाल कूलंट हवं. गंजाचं लाल पाणी किंवा साधं पाणी असेल तर पुढचा सहावा मुद्दा वाचा.

सुरू केल्यावर सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त पितेय, हे बऱ्याचदा सेन्सर-प्लगवर भागतं. पांढरा थोडा वेळ थंडीत चालतो, थांबतच नसेल तर नाही.

टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही दिसू दे, सहा वर्षांच्या पुढचं रबर आपल्या उन्हात कडक होतं. मीटरच्या किलोमीटरवर फार जाऊ नका, ते मागे फिरवणं हाताचा मळ आहे. त्यापेक्षा क्लचचं पेडल किती घासलंय, स्टिअरिंग किती गुळगुळीत झालंय आणि ड्रायव्हरची सीट किती बसलीय ते बघा. मीटर म्हणतं ४८ हजार आणि पेडलचं रबर पार गेलेलं, मग कोण खोटं बोलतंय?

चॅसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. मिस्त्रीवर सोडू नका.

५. चालवून बघणं

अर्धा तास तरी, काच बंद, रेडिओ बंद, विकणाऱ्याच्या गप्पाही बंद झाल्या तर बरं. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा, टकटक आवाज आला तर एक्सेलचा जॉइंट गेलाय. खड्ड्यातून न्या, तेवढं तर आपल्याकडे शोधावं लागत नाही, खडखड म्हणजे बुश किंवा लिंक रॉड, हे स्वस्त काम आहे पण किंमत पाडायला उपयोगी. मग चढ. धुळ्याचे असाल तर लळिंगचा घाट, साक्रीकडचे कोंडाईबारी, जळगावकरांना रेल्वेचा उड्डाणपूल. तिसऱ्या गिअरमध्ये दाबा, इंजिन ओरडतंय पण गाडी पळत नाही तर क्लच प्लेट संपली. एसी लावून हेच परत करा. ८०० सीसीची गाडी चार माणसं आणि एसी घेऊन चढाला रडणारच, तो तिचा दोष नाही.

शेवटी गाडी उभी करून एसी चालू ठेवून पंधरा मिनिटं आयडलवर सोडा आणि रेडिएटरचा पंखा फिरतो का ऐका. हे कोणी करत नाही. मीही केलं नव्हतं.

६. आपला उन्हाळा

घेतल्यावरच्या दुसऱ्या मे महिन्यात आम्ही संभाजीनगरला निघालो, चाळीसगाव सोडलं, औट्रम घाटात अर्ध्यावर एसी एकदम गरम हवा मारायला लागला. बायको म्हणाली गॅस संपला वाटतं. मीही तेच धरून पुढं हाणली. दोन वळणांनंतर बोनेटमधून वाफ. नशीब लगेच बंद केली, तरी हेड गॅस्केट गेलंच, टो करून आणली आणि मिस्त्रीनं रेडिएटर कापून दाखवला तर आत चुन्याचा थर, आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं. वर पंख्याची मोटर जाम. आणि थर्मोस्टॅट (तापमान बघून कूलंट सोडणारी झडप) काढून फेकलेला, आपल्याकडे बरेच मिस्त्री "गरम होते" म्हटलं की पहिलं तेच करतात, त्यानं मूळ रोग जात नाही.

म्हणून गाडी घेतल्याबरोबर: रेडिएटर साफ, नवा थर्मोस्टॅट, होसपाइप दाबून बघून चिरलेले बदला, कंपनीनं सांगितलेलं कूलंट, आणि वर टाकायला लागलंच तर डिस्टिल्ड वॉटर. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो तिथं हे हजारांचं काम पुढचे पंधरा-वीस हजार वाचवतं. एसी अचानक गरम झाला किंवा टेंपरेचरचा लाल दिवा आला तर बाजूला घेऊन इंजिन बंद, "पुढच्या ढाब्यापर्यंत नेऊ" हे करायचं नाही.

बॅटरीही उन्हानंच मरते, थंडीत फक्त कळतं. आणि गाडी केळी-कापसाच्या शेडमध्ये लावत असाल तर आठवड्यातून एकदा बोनेट उघडा, उंदराला वायरिंग फार आवडतं.

७. व्यवहार आणि ट्रान्सफर

लागणारे कागद: मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, फॉर्म २९ दोन प्रती, फॉर्म ३०, दोघांचे आधार आणि पॅन, फोटो, चॅसी नंबरचा पेन्सिल प्रिंट, बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि एनओसी. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसलीय का तेही बघा, नसेल तर विकणाऱ्याकडूनच बसवून घ्या, कारण त्याशिवाय आरटीओची पुढची कामं अडतात.

पैसे बँकेतून द्या. रोख द्यावेच लागले तर पावतीवर तारीख आणि वेळ लिहून घ्या, त्या वेळेनंतरचं चलान-अपघात तुमचं, आधीचं त्याचं. थोडी रक्कम, दहा हजार म्हणा, नाव लागेपर्यंत मागं ठेवा. डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडं आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का विचारा, १ एप्रिल २०२३ पासून तो नियम आहे.

ट्रान्सफरचा अर्ज तीस दिवसांत, इन्शुरन्स आपल्या नावावर चौदा दिवसांत. दुसरी गोष्ट लोक विसरतात आणि मग क्लेमच्या वेळी पॉलिसी आधीच्या मालकाच्या नावावर निघते. त्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

८. पहिला महिना

इंजिन ऑइल-फिल्टर, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, एअर फिल्टर, प्लग. के१० ला तीनच प्लग लागतात, कोणी चार लावले तर बिल परत द्या. ब्रेक शू उघडून बघा. बस, सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम नंतर.

पेट्रोलचं म्हणाल तर आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) च येतं आणि आपल्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. नीती आयोगाच्याच अहवालात ई१० पर्यंतच्या चारचाकीचं मायलेज ६-७ टक्के कमी होईल असं म्हटलंय, मला साधारण तेवढंच जाणवतं. इंधनाचे रबरी पाइप आणि सील वर्षातून एकदा बघून घ्या, पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी. महिनोन्महिने टाकीत पेट्रोल भरून गाडी उभी ठेवू नका.

९. पंधरा वर्षं झाली की

मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून फॉर्म २५ नं अर्ज करता येतो. फी कारला पाच हजार, गाडी वीस वर्षांच्या वर असेल तर ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर महिन्याला पाचशे दंड. म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च किमतीतून वजा करून बोला, विकणारा स्वतःहून कधीच काढणार नाही, बऱ्याचदा तो विकतोच त्यासाठी.

गाडी प्रत्यक्ष दाखवायला न्यावी लागते. दिवे, इंडिकेटर, वायपर, हँडब्रेक, टायर, नंबर प्लेट, चॅसी नंबर बघतात. मी आठ दिवस आधीपासून तयारी केली, खालून धुतली, ब्रेक केले, गंज घासून काळा रंग मारला, आणि तिथं साहेब म्हणाले हॉर्न वाजवा. वाजेना. बाहेर एका ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडं रिले बदलून परत रांगेत लागलो, अख्खी दुपार गेली. आदल्या रात्री हॉर्न वाजवून बघा.